जुनं वायरिंग : बदलायचं की ठेवायचं?

प्रश्न : डोंबिवलीतला आमचा फ्लॅट १९८३चा, वायरिंग लाकडी पट्टीवरचं, मूळचंच. आजवर काही बिघडलं नाही. तरी बदलावं का?

उत्तर : केवळ चाळीस वर्षं झाली म्हणून कामाला हात घालू नका. वायरचं आयुष्य वयापेक्षा तिनं सोसलेल्या उष्णतेवर जास्त ठरतं. ‘आजवर काही झालं नाही’ हा युक्तिवाद मात्र लंगडा आहे, कारण तेव्हाचा भार आज राहिलेला नाही. तेव्हा दिवे, पंखे आणि टीव्ही मिळून दोन-तीन अँपिअर. २,००० वॉटचा गीझर एकटाच जवळपास नऊ अँपिअर ओढतो. त्या काळी बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमची तार असे. ती स्क्रूखाली दबून हळूहळू सैल होते, सांधा तापतो, आवरण कडक होऊन तडकतं. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून एक बोर्ड उघडवा. वायर जराशी वाकवताच आवरणाचा तुकडा पडला, तर निकाल तिथेच लागला.

‘एमसीबी बसवला की झालं,’ असंही कुणी सांगेल. एमसीबी जादा प्रवाह तोडतो. सैल सांध्याची उष्णता त्याला कळत नाही, माणसाला बसणारा शॉकही नाही. शॉकसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, शिवाय अर्थिंगची तारही, जी अशा जुन्या वायरिंगमध्ये अनेकदा नसतेच. परवानाधारक ठेकेदाराकडून मेगर चाचणी, म्हणजे वायरच्या आवरणाच्या रोधाची मोजणी, करून घ्या. ५०० व्होल्टला रोध एक मेगओहमपेक्षा कमी आला किंवा अर्थिंग नसलं, तर सगळं बदला आणि गीझर-एसीला तांब्याच्या स्वतंत्र लाइन घ्या. चाचणीआधीच खर्चाचा आकडा सांगणाऱ्याला काम देऊ नका.