बळाचा हिशेब

खानदेशातील उन्हाळा मोठा कडक असतो. एप्रिल महिना अर्धा सरला की जळगावात दुपारचे तपमान ४२-४३ अंशांपर्यंत चढते. मे महिन्यात ते कधी कधी ४५ अंशांच्याही पुढे जाते. म्हणून येथील माणसे आपला दिवस सूर्याच्या कलाने आखतात. शेतकरी पहाटेच रानात जातो, सकाळच्या शाळा सुरू होतात आणि दुपारी रस्ते ओस पडतात. मेहरूण हे पूर्वी जळगावलगतचे गाव होते. आता तो शहराचाच एक भाग आहे. येथील बोरे नामांकित आहेत. येथील तलावाच्या काठी पहाटे फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ असते. पण ऊन चढू लागले की तोच काठ निर्मनुष्य होतो.

ऊन सर्वांनाच जाचते. परंतु काही माणसांच्या बाबतीत ते केवळ जाचून थांबत नाही. ते त्यांच्या पायांतील बळ हिरावून घेते, दृष्टी धूसर करते आणि हातातील पेला निसटावयास लावते. ही माणसे ज्या रोगाबरोबर जगत असतात, त्याचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस असे आहे.

हा रोग समजून घेण्यासाठी विजेच्या तारेचे उदाहरण उपयोगी पडते. धातूच्या तारेवर रबराचे वेष्टन असते. ते ठिकठिकाणी झिजले, तर प्रवाह नीट वाहत नाही. आपल्या शरीरातही मेंदूचे निरोप हातापायांकडे आणि डोळे, त्वचा इत्यादी इंद्रियांचे निरोप मेंदूकडे नेणारे तंतू असतात. त्यांना ज्ञानतंतू म्हणतात. त्यांतील पुष्कळ तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. रोगजंतूंशी लढणे हे शरीरातील रक्षक पेशींचे काम होय. या रोगात मात्र त्या पेशी चुकून आपल्याच मेंदूतील व मज्जारज्जूतील या वेष्टनावर हल्ला करतात. वेष्टन झिजले की निरोप सावकाश पोहोचतो, अर्धवट पोहोचतो किंवा मुळीच पोहोचत नाही. मग कोणाचे पाय जड होतात, कोणाच्या बोटांना मुंग्या येतात, कोणाला एका डोळ्याने अंधूक दिसू लागते. एकाला जे होते ते दुसऱ्याला होईलच असे नाही.

फ्रान्समधील डॉक्टर शार्को यांनी पॅरिसच्या एका मोठ्या रुग्णालयात अशा रोग्यांचा अभ्यास केला आणि १८६८ साली या रोगाचे स्पष्ट वर्णन केले. मेंदूत अनेक ठिकाणी कठीण झालेले व्रण त्यांना आढळले. ‘अनेक ठिकाणचे काठिण्य’ हाच या रोगाच्या नावाचा अर्थ आहे. हा रोग बहुधा वीस ते चाळीस वर्षे या वयात प्रकट होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. २०२० मधील एका अंदाजानुसार जगात सुमारे २८ लाख लोकांना हा रोग होता. थंड देशांत त्याचे प्रमाण जास्त आहे. भारतात ते कमी आहे. म्हणूनच आपल्याकडे पुष्कळांनी त्याचे नावही ऐकलेले नसते. तो संसर्गजन्य नाही. रोग्याजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याचा हात धरल्याने तो कोणालाही होत नाही.

उन्हाचा आणि या रोगाचा संबंध जर्मनीतील नेत्रवैद्य उथॉफ यांच्या ध्यानात आला. काही रोग्यांची दृष्टी श्रम केल्यावर मंद होते आणि विश्रांतीनंतर पुन्हा सुधारते, असे त्यांनी १८९० साली नमूद केले. पुढे कळून आले की, याचे कारण श्रम नसून श्रमाने वाढलेली शरीराची उष्णता हे होते. वेष्टन झिजलेल्या तंतूतून निरोप कसाबसा जात असतो. शरीराची उष्णता अर्ध्या अंशाने वाढली, तरी तेवढ्यानेही तो अडू शकतो. शरीर निवले की वाट पुन्हा मोकळी होते. ४३ अंशांच्या प्रदेशात राहणाऱ्या रोग्याला ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, हे सांगावयास नको.

मेहरूणमध्ये राहणारी, हा रोग जडलेली एक शिक्षिका आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. तिचा एप्रिलमधील एक दिवस कसा जाईल?

पहाटे पाच वाजता तिला जाग येते. पण ती लगेच उठून उभी राहत नाही. प्रथम ती खाटेच्या कडेवर बसते, पावले हलवून पाहते आणि आज पायांत किती बळ आहे याचा अंदाज घेते. घरात जमा किती आहे हे पाहून मगच खर्चाचा बेत करणाऱ्या गृहिणीसारखे तिचे हे वागणे असते. निरोगी माणसाला थकवा काम केल्यावर येतो. या रोगात रात्रभर झोप होऊनही तो सकाळी उशाशी बसलेला असू शकतो. म्हणून बळ कोठे वेचावयाचे आणि कोठे राखावयाचे, हे तिला आधीच ठरवावे लागते.

ती हातपाय ताणण्याचा थोडा व्यायाम करते. पूर्वी अशा रोग्यांना श्रम टाळण्याचा सल्ला देत असत. परंतु बेताचा, नियमित व्यायाम त्यांना हितकारक असतो, असे आता सिद्ध झाले आहे. स्नान ती गार पाण्याने, स्टुलावर बसून करते. न्हाणीघराच्या भिंतीला धरावयास एक दांडा बसविलेला आहे. त्या दिवशी नेसावयाचे पातळ, वह्या, चष्मा, औषध हे सारे आदल्या रात्रीच एके ठिकाणी मांडून ठेवलेले असते. सकाळच्या धांदलीत वस्तू शोधण्यात बळ व्यर्थ जाऊ नये, हा त्यातला हेतू.

स्वयंपाकघरातही तिने काही फेरफार केले आहेत. ओट्यापाशी उंच स्टूल आहे. पोळ्या ती बसून लाटते. जड पातेली खालच्या फळीवर ठेवली आहेत. तिचा बारा वर्षांचा मुलगा आईच्या काळजीने एके दिवशी प्रत्येक काम तिच्या हातातून ओढून घेऊ लागला. तेव्हा ती म्हणाली, “अरे, जे मला जमते ते मलाच करू दे. जे जमणार नाही ते मी सांगेन.” तेव्हापासून तो आधी विचारतो, “आई, यातले कोणते काम मी करू?” प्रश्न लहानसा आहे, पण आईचा मान राखणारा आहे.

सात वाजता शाळा भरते. तिचा वर्ग मुख्याध्यापकांनी वरच्या मजल्यावरून खाली आणला आहे. ती खुर्चीवर बसून शिकविते. फळ्यावरचे लेखन मुले पाळीपाळीने करतात. अकरा वाजता शाळा सुटली की मानेभोवती ओला पंचा गुंडाळून, छत्री घेऊन ती रिक्षाने घरी येते. घरात खिडकीला वाळ्याचा पडदा असतो आणि कूलर चालू असतो. खानदेशातील हवा उन्हाळ्यात कोरडी असते. अशा हवेत पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि ती होताना भोवतालची उष्णता शोषून घेते; म्हणून पडदा, ओला पंचा आणि माठ हे तिघेही उत्तम काम करतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की मात्र या उपायांचा उपयोग फारसा होत नाही.

दुपारी ती तासभर पडून राहते. ही विश्रांती तिच्या दृष्टीने औषधाइतकीच आवश्यक आहे. नंतर ती उत्तरपत्रिका तपासते. परंतु एका बैठकीत दहाच. काही गोष्टी तिला आठवेनाशा होतात, म्हणून ती एका वहीत कामे टिपून ठेवते. वारंवार लघवीला जावे लागते म्हणून पाणीच कमी प्यावे, असे तिला पूर्वी वाटे. पण त्याने अपाय होतो हे डॉक्टरांनी समजावल्यापासून ती ठरावीक वेळी पुरेसे पाणी पिते. या रोगाला समूळ बरे करणारे औषध अद्याप सापडलेले नाही. परंतु १९९३ पासून त्याचे झटके कमी करणारी औषधे मिळू लागली आणि पुढे त्यांत पुष्कळ भर पडली. ती तिला वेळच्या वेळी घ्यावी लागतात. उन्हाने आलेली दुर्बलता शरीर निवल्यावर ओसरते. पण एखादा नवा त्रास पूर्ण एक दिवस टिकला, तर ती डॉक्टरांना ताबडतोब कळविते.

तलावाकाठी फिरणे तिला फार आवडते. परंतु शाळा आणि तलाव ही दोन्ही सुखे एकाच सकाळी तिला परवडत नाहीत. म्हणून तलावाचा मान रविवारचा. एका रविवारी ती काठाने चालली आणि सोमवारी भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आली. शेजारीण म्हणाली, “ताई, काल तर तुम्ही तळ्यावर चालत गेला होता. आज एकाएकी काय झाले?” ती हसून म्हणाली, “कालचे बळ काल खर्च केले, वहिनी. आज जेवढे आहे तेवढ्यात भागवते.”

अशा रोग्याचे खरे दुःख बहुधा येथेच असते. मोडलेला हात झोळीत दिसतो, ताप हाताला लागतो. झिजलेले वेष्टन मात्र कोणालाच दिसत नाही. काल चालणारे माणूस आज अडखळले की लोक त्याला आळशी किंवा ढोंगी ठरवून मोकळे होतात. रोगाने जितके बळ जाते, त्याहून अधिक कधी कधी या बोलण्याने जाते. जे आपल्याला दिसत नाही ते नाहीच, असे मानणे हे अज्ञान होय.

या अज्ञानाविरुद्ध झटणाऱ्या व्यक्तींत रहमत फाजलभॉय यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. त्यांना स्वतःला हा रोग होता. तथापि आपल्या दुःखापुरते न पाहता, त्यांनी १९८५ साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. रोग्यांना माहिती, धीर व मदत देणे आणि समाजाला या रोगाची ओळख करून देणे, हे कार्य ही संस्था करते. पुण्यासारख्या इतर शहरांतही तिच्या शाखा निघाल्या. एकट्याने सोसणाऱ्यांना आपल्यासारखे आणखीही आहेत, हे तिच्यामुळे कळले.

कायद्यानेही पुढे या रोगाची दखल घेतली. दिव्यांगांसाठी १९९५ साली झालेल्या कायद्यात याचे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार सांगितले असून त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. सरकारी नोकरीत असताना एखाद्याला दिव्यांगत्व आले, तर त्याला कामावरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर उतरविता येत नाही, असे हा कायदा सांगतो. कामाच्या ठिकाणी योग्य ती सोय मिळणे हाही त्याचा हक्क आहे. वर्ग खालच्या मजल्यावर आणणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

सायंकाळ होते. मेहरूणच्या तलावावरून गार वारा येऊ लागतो. ती शिक्षिका अंगणात खुर्ची टाकून बसते. वहीतील चार कामांपैकी तीन झालेली असतात. ती चौथ्या कामापुढे ‘उद्या’ असे लिहिते आणि वही मिटते.

अभ्यास

१. ज्ञानतंतूंना विजेच्या तारेची उपमा का दिली आहे?
२. वाळ्याचा पडदा उन्हाळ्यात उपयोगी पडतो आणि पावसाळ्यात पडत नाही, याचे कारण सांगा.
३. “कालचे बळ काल खर्च केले” या उद्गाराचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
४. मुलगा आधी सर्व कामे ओढून घेत असे. नंतर तो विचारू लागला. या दोन वागण्यांत कोणता फरक आहे?
५. आपल्या शाळेत जिना चढता न येणारा विद्यार्थी आला, तर कोणकोणत्या सोयी कराव्या लागतील? त्याला काय काय विचारून त्या कराव्यात, हे वर्गात चर्चा करून लिहा.