एच-१बीचे बिल कोणाच्या नावावर फाडायचे?

हिंजवडी असो की ऐरोली, ‘एच-१बी फाइल करून देतो, एवढे लाख होतील’ म्हणणारा कन्सल्टंट कोणाच्या ना कोणाच्या ओळखीचा निघतोच. त्याच्याशी घासाघीस करायला बसण्याआधी एक लक्षात घ्या. या व्हिसासाठीचे पेटिशन कर्मचारी करत नाही, अमेरिकेतली कंपनी करते. त्यामुळे खर्चाचा मोठा वाटाही तिचाच. तुमच्या खिशातून जे जायला हवे ते हजारांत मोजायचे असते. कोणी लाखांत सांगू लागला, तर तो कंपनीचे बिल तुमच्या नावावर फाडतो आहे.

आधी कंपनीचे बिल. मार्चमधल्या लॉटरीत नाव घालायचे २१५ डॉलर. २०२४ पर्यंत हेच १० डॉलरमध्ये होत असे. नंबर लागला की आय-१२९ पेटिशनचे ७८०, अमेरिकी कामगारांच्या प्रशिक्षणासाठी १,५००, फसवणूक प्रतिबंधाचे ५०० आणि असायलम कार्यक्रमाचे ६००. आश्रय मागणाऱ्यांच्या यंत्रणेचा खर्च प्रोग्रामर नेमणाऱ्याने का भरायचा, हे कोडेच आहे, पण २०२४ पासून तो भरावा लागतो. एकूण ३,५९५ डॉलर. पंचवीस किंवा त्याहून कमी माणसांच्या कंपनीला सवलत मिळते आणि बेरीज २,२२५ वर येते. उलट, पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त एच-१बी किंवा एल-१ वर असतील, तर पहिल्या पेटिशनला आणखी ४,००० डॉलर पडतात. पंधरा कामकाजी दिवसांत उत्तर हवे असेल तर प्रीमियम प्रोसेसिंग; त्याचा दर १ मार्च २०२६ पासून २,९६५ डॉलर. वकिलाची फी वेगळी.

या सगळ्यावर कडी केली ती २१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या अध्यक्षीय घोषणेने: नव्या पेटिशनमागे १,००,००० डॉलर. पण हा आकडा सरसकट सगळ्यांना नाही. अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एच-१बी नसलेल्या माणसासाठीच्या नव्या पेटिशनला तो लागतो. मुदतवाढीला लागत नाही. तिथेच शिकून ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, काम करणाऱ्याचे स्टेटस देशात राहूनच बदलले, तर त्यालाही लागत नाही. मग पुण्यात बसलेल्या अभियंत्यापेक्षा टेक्सासमध्ये एमएस केलेला त्याचाच वर्गमित्र कंपनीला केवढा स्वस्त पडेल, हे सांगायला नको. घोषणा मुळात बारा महिन्यांची, वाढवता येण्याजोगी, आणि तिच्यावर कोर्टात दावेही झाले. म्हणून पेटिशन भरतानाची स्थिती कंपनीच्या वकिलाकडून लेखी मागून घ्या.

लॉटरीचे गणितही बदलले आहे. जागा त्याच, ६५,००० अधिक अमेरिकी मास्टर्सवाल्यांच्या २०,०००. मात्र २०२६ च्या नोंदणीपासून पगाराच्या चार पातळ्यांप्रमाणे वजन मिळते: चौथ्या पातळीच्या उमेदवाराचे नाव चार वेळा, पहिल्या पातळीच्या फ्रेशरचे एकदाच. ‘तीन कंपन्यांतून तुमचे नाव टाकतो’ या आमिषाला तर २०२४ पासूनच अर्थ उरलेला नाही. निवड पासपोर्टनुसार माणसाची होते, अर्जांची नाही.

आता तुमचा खर्च. स्टँपिंगसाठी व्हिसा फी २०५ डॉलर. जोडीदार आणि मुलांच्या एच-४ साठीही माणशी तितकीच. रुपयांतली रक्कम दूतावास स्वतःच्या दराने ठरवतो. गुगलवरचा दर पाहून हिशेब केलात तर थोडा चुकेल. फी परत मिळत नाही आणि भरल्यापासून एका वर्षात अपॉइंटमेंट घ्यावी लागते. जुलै २०२५ च्या कायद्यात २५० डॉलरच्या ‘व्हिसा इंटिग्रिटी फी’ची तरतूदही आहे, पैसे भरण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर तिची चौकशी करा. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण करा: ३६ पानी पासपोर्टचे १,५०० रुपये. हा खर्च वाचवू नका. पेटिशन तीन वर्षांचे मंजूर असले तरी विमानतळावरचा अधिकारी आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर पासपोर्ट संपण्याचीच तारीख टाकू शकतो, आणि तिथे राहण्याची मुदत ठरते ती आय-९४ वरून.

बीएस्सी, बीकॉमवाल्यांनी आणखी एक खर्च धरावा, पदवीच्या मूल्यांकनाचा. तीन वर्षांची पदवी एकटी सहसा पुरत नाही. कमी पडणाऱ्या एका वर्षाच्या जागी त्याच क्षेत्रातला तीन वर्षांचा अनुभव धरता येतो. त्यासाठी जुन्या कंपन्यांची कामाचा तपशील असलेली पत्रे लागतात, आणि बंद पडलेल्या कंपनीचे पत्र मिळवणे हा वेगळाच व्याप होऊन बसतो. नोकरी सोडतानाच ती घेऊन ठेवा.

फीच्या कोणत्याही यादीत न दिसणारा सर्वांत मोठा खर्च पगारातून जातो. सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के. वर्षाला एक लाख डॉलर पगार असेल तर ७,६५० डॉलर, सहा वर्षांत ४५,९००. सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनचा हक्क साधारण दहा वर्षांच्या कामानंतर मिळतो, एच-१बीची नेहमीची मर्यादा सहा वर्षांची, आणि भारत-अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. ग्रीन कार्डची वाट न धरता परतणाऱ्याने हे पैसे गेले असेच समजावे. ऑफर लेटरवरचा आकडा पुण्याच्या पगाराशी ताडून पाहताना ही वजाबाकी आधी करा.

कंपनीने काय मागू नये, हेही कायद्यात आहे. प्रशिक्षण शुल्क तुमच्याकडून कोणत्याही रूपाने वसूल करता येत नाही. पेटिशनची आणि वकिलाची फी हा कंपनीच्या धंद्याचा खर्च. तो कापून पगार ठरलेल्या किमान दराखाली नेता येत नाही. तो दर कंपनीने श्रम खात्याकडे भरलेल्या एलसीए या अर्जात लिहिलेला असतो आणि त्याची प्रत कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत तुम्हाला द्यावी लागते. मागून घ्या. अमेरिकेत पोचल्यावर तीस दिवसांत पगार सुरू व्हायला हवा. प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसवले तरी तो थांबवता येत नाही. मुदतीआधी नोकरी सोडल्याचा दंड बाँडमध्ये घालता येत नाही. खऱ्या नुकसानीची आधी ठरवलेली भरपाई मात्र काही राज्यांत चालते, म्हणून बाँडवर सही करण्याआधी त्या राज्याचा कायदा विचारा. मुदत संपण्याआधी कंपनीनेच काढले तर परतीचा वाजवी प्रवासखर्च तिने द्यायचा, फक्त तुमचा, कुटुंबाचा नाही. राजीनामा दिलात तर तोही नाही. नोकरी गेल्यावर नवी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांचे घरभाडे आणि आरोग्यविमा बाजूला ठेवूनच विमानात बसा.

पैसे कापले गेले किंवा पगार अडवला, तर अमेरिकी श्रम खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे डब्ल्यूएच-४ या फॉर्मवर तक्रार करता येते. फी नाही. मुदत घटनेपासून बारा महिने. पगाराच्या स्लिपा, ईमेल आणि इथल्या कन्सल्टंटला केलेल्या यूपीआय पेमेंटचे स्क्रीनशॉट सोबत ठेवा. तो रोख मागत असेल तर पावती मागा, आणि पावती द्यायला नकार दिला तर पैसे देऊ नका.