वाळूत बुडी मारलेला पिवळा मासा

प्रश्न : आमच्याकडे प्रवाळांचा चार फुटी टँक आहे. रविवारी पिवळाधमक 'रॅस' आणला. पाण्यात सोडला आणि दहा मिनिटांत गायब! दगड हलवले, फिल्टर उघडला, फरशीवरही शोधलं. मेला असेल का? आणि त्याला सोबत म्हणून निळ्या पट्ट्याचा सफाईवाला रॅस आणू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आधी दगड हलवणं थांबवा. पठ्ठ्या बहुधा वाळूत झोपलाय.

दुकानदार 'यलो कोरिस' म्हणतात, पण हा कोरिस नव्हेच, 'हॅलिकोरिस क्रायसस'. खरा कोरिस गैमार्ड लहानपणी नारिंगी, अंगावर पांढरे ठिपके, बघताक्षणी घ्यावासा वाटणारा; मोठा झाला की फूटभराच्याही पुढे जातो आणि दगड उलथतो. म्हणून पिशवी हातात घेण्याआधी शास्त्रीय नाव विचारावं. रॅसची एक खूण मात्र चटकन कळते. शेपूट जवळपास स्थिर ठेवून तो छातीच्या परांनी वल्ही मारत पोहतो.

अंधार झाला किंवा घाबरला की हा डोकं खुपसून वाळूत घुसतो. मागे एखादा उंचवटा राहतो, बाकी काही नाही. हे मासे बऱ्याचदा इंडोनेशियाहून येतात. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे पाहुण्याची झोप काही दिवस तिकडच्या वेळेवर चालते. तुमच्याकडे दिवे लागलेले असतात आणि त्याची रात्र झालेली असते. वाळू बारीक हवी आणि निदान दोन इंच खोल. प्रवाळाचा जाड चुरा असेल तर अंग खरवडतं. प्रवाळांना तो तोंड लावत नाही, मात्र छोट्या कोळंब्या आणि गोगलगाई यांची खात्री मी देणार नाही.

सफाईवाला आणू नका. समुद्रात तो दिवसभर असंख्य माशांच्या अंगावरचे परजीवी खातो. तुमच्या चार-पाच माशांवर त्याचं पोट भरणार नाही. शिवाय त्याचा एक तोतया असतो, हुबेहूब तसाच रंगवलेला ब्लेनी. जवळ येऊन साफसफाईऐवजी परांचा लचका तोडतो. तोंड पाहा. अस्सलाचं अगदी पुढे टोकाला, तोतयाचं नाकाखाली दडलेलं. खरा सफाईवाला समुद्रातच बघावा. त्याच्या घरची गोष्टही भारी आहे. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधक रॉबर्टसन यांच्या निरीक्षणांत, कळपातला नर गेल्यावर थोरली मादी काही तासांतच नराचा तोरा मिरवू लागली आणि दोन-अडीच आठवड्यांत खरोखरच नर झाली.

तुमच्या पिवळ्याला सकाळी मायसिसचं खाद्य घालून बघा, वासाने डोकं वर काढेल. टँकवर बारीक पारदर्शक जाळी मात्र आजच बसवा, हे मासे उडी मारण्यात पटाईत. आठवडा उलटूनही दिसला नाही, तर ओव्हरफ्लोचा कप्पा आणि टँकमागची भिंत पाहा. तिथे मुंग्यांची रांग लागली असेल, तर उत्तर मिळालं.