चार किलोचा पेशंट आणि बिलाचा हिशेब

प्राण्यांच्या दवाखान्यात बाकावर बसून राहिलं की एक गंमत दिसते. लॅब्रडॉर आत गेला की डॉक्टर उठून उभे राहतात. आमची चिंगी आत गेली की डॉक्टर म्हणतात, ‘अरे वा, कोण आलंय!’ लाड होतात, हनुवटीखाली खाजवलं जातं, आणि तपासणी राहून जाते.

चिंगी म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला पॉमेरियन म्हणतात आणि जो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, तसलं पांढरं प्रकरण. वय नऊ. गेल्या थंडीत तिला खोकला लागला. दोन महिन्यांत तीन खेपा झाल्या. दर खेपेला एक इंजेक्शन, एक सिरप, आणि ‘हवा बदललीय’ हे निदान. वजन ४.४ किलोवरून ३.९ वर आलं होतं. मी ते बोलून दाखवलं, तर उत्तर आलं, ‘अर्धा किलो काय हो, केस कापलेत ना?’ मी हसलो आणि पैसे देऊन घरी आलो. चूक तिथे झाली, आणि ती माझीही होती. अर्धा किलो म्हणजे तिच्या वजनाचा नववा भाग. साठ किलोच्या माणसाचं वजन दोन महिन्यांत पावणेसात किलोंनी उतरलं, तर कुठला डॉक्टर केस कापल्याचं सांगेल?

तीन खेपांचे मिळून चार हजारांच्या वर गेले. चौथी खेप दुसऱ्या दवाखान्यात झाली आणि ती खरी स्वस्त पडली, कारण या वेळी मी तयारीनं गेलो होतो.

तयारीला पैसे लागत नाहीत. टेबलावर ठेवलं की कुत्रं खोकत नाही, लंगडत नाही, थरथरतं तेवढं. म्हणून मोबाइलवर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ घेतला होता: पहाटे उठल्यावरचा खोकला, आवाज चालू ठेवून. आवाज महत्त्वाचा. लहान कुत्र्यांची श्वासनलिका चपटी व्हायला लागली की खोकला हंस ओरडावा तसा येतो, विशेषतः पट्टा ओढला गेल्यावर. हृदय वाढून श्वासमार्गावर दाबत असेल तेव्हाही खोकला येतो, आणि ऐकून दोन्हींत गल्लत होऊ शकते. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस लावणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपचार.

दुसरं, श्वास मोजून नेले होते. कुत्रं गाढ झोपलेलं असताना छाती वर-खाली होते ते अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. झोपेत मिनिटाला तीसच्या आत असावेत. रोज त्याहून जास्त भरत असतील तर फोन करायचा, वाट बघायची नाही. तिसरं, वजन. माणसाच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची ही युक्ती चार किलोच्या जिवाला उपयोगाची नाही. तो काटा दोन-तीनशे ग्रॅम इकडेतिकडे करतो. दवाखान्यातल्या छोट्या काट्यावर, तोच काटा, दर महिन्याला, आणि आकडा दशांश चिन्हासकट केसपेपरवर लिहायला लावायचा. आमच्याकडे ‘४ किलो’ एवढंच लिहिलेलं असायचं. त्यात अर्धा किलो सहज बुडाला.

नव्या डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओ दोनदा ऐकला, मग स्टेथोस्कोप लावून बराच वेळ गप्प राहिल्या. ‘मर्मर आहे. सहापैकी तीन.’ मर्मर म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज: हृदयाच्या डाव्या बाजूची झडप नीट मिटत नव्हती. वय झालेल्या लहान कुत्र्यांमध्ये हा सर्वांत नेहमीचा हृदयविकार.

इथे पैशांचा पहिला मोठा प्रश्न येतो, आणि इथेच लोक चुकीच्या ठिकाणी काटकसर करतात. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा की सरळ औषध सुरू करायचं? पिमोबेंडन नावाचं औषध हृदयाचा आकार वाढलेला असेल तर सुरू करतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा कुत्र्यांमध्ये हृदय निकामी होण्याची लक्षणं सरासरी पंधरा महिने पुढे गेलेली दिसली. मर्मर आहे पण आकार वाढलेला नाही, अशांना त्याचा फायदा दिसलेला नाही. चिंगीच्या वजनाला ते महिन्याला दीड-दोन हजारांना पडतं, आणि जन्मभर द्यावं लागतं. इकोला साडेतीन हजार लागले. न लागणारं औषध दोन-अडीच महिने दिलं की इको फुकट झाला असता असा हिशेब आहे. चिंगीला औषध लागणारच होतं, पण ते कळायला साडेतीन हजार दिले याचं मला वाईट वाटलं नाही. चाचणी सुचवली की म्हणून मी आता एकच वाक्य विचारतो: ‘डॉक्टर, रिपोर्ट असा आला तर काय कराल आणि तसा आला तर काय कराल?’ दोन्हीकडे उत्तर एकच असेल तर ती चाचणी लांबवता येते.

माझ्या फायलीतले आणि ओळखीच्यांकडचे आकडे सांगतो. पुण्या-मुंबईच्या खासगी दवाखान्यांतले आहेत. गावाकडे कमी असतील, चकचकीत ठिकाणी जास्त. नुसती तपासणी ४०० ते १,०००. रक्ताची साधी तपासणी पाचशे-सातशे, त्यात यकृत-मूत्रपिंड घातलं की दीड ते अडीच हजार. एक्स-रे हजाराच्या आसपास, दोन बाजूंनी काढले तर दुप्पट. इको अडीच ते पाच हजार. भूल देऊन दात साफ करणं सहा हजारांपासून, दात काढायचे असतील तर पंधराच्या आसपास. मादीची नसबंदी सात ते पंधरा. गुडघ्याची वाटी बसवायची शस्त्रक्रिया तीस हजारांच्या वर.

रक्त एकदाच काढायला सांगा. कुत्र्याच्या अंगात किलोमागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे चिंगीत साडेतीनशे, एका भरल्या पाणीपेल्याहून थोडं जास्त. आज एक नळी, परवा ‘गोचीड तापासाठी’ आणखी एक, असं करण्यापेक्षा आधीच म्हणायचं: ‘याच नमुन्यात स्मिअरही बघाल का?’ आपल्याकडे अंगावर गोचीड सापडलेलं, तापलेलं, मरगळलेलं कुत्रं असेल तर काचपट्टीवर रक्त बघणं हे काही शे रुपयांत होतं आणि पुष्कळदा पुढचा गोंधळ वाचवतं.

आता दात, कारण चिंगीचं वजन उतरण्याचं खरं कारण तिथे होतं. खालच्या जबड्याची एक दाढ हलत होती आणि चिंगी एकाच बाजूनं चावत होती. लहान कुत्र्यांच्या तोंडात मोठ्या कुत्र्यांइतकेच, म्हणजे बेचाळीस दात दाटीवाटीनं बसवलेले असतात. कीटण साठतं, हिरड्या सुजतात, तोंडाला वास येतो, आणि घरचे म्हणतात, कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच. भूल न देता दात ‘चकाचक’ करून देणारे हल्ली ग्रूमिंगवालेही आहेत, दीड-दोन हजारांत. ते पैसे वाया. वरवरचं कीटण निघतं, हिरडीखालचा आजार तसाच राहतो आणि दात पांढरे दिसल्यानं आणखी वर्षभर कोणी बघत नाही.

पण भूल म्हटलं की पोटात गोळा येतो, त्यातून हृदयाचा पेशंट. इथे भिडस्तपणा बाजूला ठेवून विचारायचं. भूल वायूची की नुसत्या इंजेक्शनची? श्वासनलिकेत नळी घालणार का? शिरेत सुई शेवटपर्यंत राहणार का? दात काढणाऱ्या डॉक्टरांखेरीज फक्त भुलीकडे लक्ष ठेवायला कोणी असेल का? अंग गरम ठेवायला काय आहे? शेवटचा प्रश्न फालतू वाटतो, पण चार किलोचं शरीर भुलीखाली भराभर गार पडतं आणि मग शुद्धीवर यायला वेळ लागतो. शिवाय उपाशी किती तास ठेवायचं ते नेमकं विचारा. अगदी लहान पिल्लांची साखर उपाशीपोटी धोकादायक पातळीवर उतरू शकते, तेव्हा ‘रात्रीपासून काही देऊ नका’ हा सरसकट नियम त्यांना लावायचा नसतो. पग किंवा शित्झू असेल तर नाक चपटं असल्याची आठवण करून द्या आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत नजरेआड करू नका म्हणून सांगा. एका दवाखान्यात मी हे सगळं विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘सर, एवढं कोणी विचारत नाही.’ मी पुढचा दवाखाना गाठला. जिथे काम केलं, तिथे डॉक्टरीणबाईंनी मला मॉनिटर आणि गरम गादी नेऊन दाखवली. बिल १४,२०० झालं, तीन दाढा आणि दातांचा एक्स-रे धरून. अंदाज लेखी घेतला होता: १२ ते १५ हजार. ‘यापेक्षा वर जाणार असेल तर मध्येच फोन करा’ हेही त्याच कागदावर लिहून घेतलं होतं.

लशींचं थोडक्यात. डोस वजनावर ठरत नाही. ‘छोटी आहे, अर्धीच टोचा’ असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. मात्र लहान कुत्र्यांना एकाच दिवशी तीन-चार लशी दिल्या तर त्रास होण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं विभागून मागता येतात. दुसऱ्या खेपेला तपासणी फी घेणार का, ते आधीच विचारा. पार्व्हो-डिस्टेंपरची लस प्रौढ कुत्र्याला दरवर्षी लागतेच असं नाही, जागतिक मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांचं अंतर सांगितलेलं आहे. लेप्टोची मात्र वर्षाला, आणि ती पावसाळ्याआधी. रेबीजमध्ये हयगय नको.

आता गुडघा. चालता चालता एक मागचा पाय उचलून चार पावलं लंगडी घालायची आणि पुन्हा काही झालंच नाही असं पळायचं, ही गुडघ्याची वाटी सरकण्याची खूण. तिच्या चार पायऱ्या असतात. पहिल्या पायरीला कोणी शस्त्रक्रिया सुचवली तर दुसरं मत घ्या.

दुसरं मत म्हटलं की लोकांना फक्त खासगी दवाखाने आठवतात. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय; महालक्ष्मीला २०२४ पासून टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय. पुण्याकरता औंधचं सरकारी सर्वचिकित्सालय आहे, साताऱ्याच्या वाटेवर शिरवळचं महाविद्यालय आहे, विदर्भाला नागपूरचं. सरकारी ठिकाणी रांग लागते, खर्च कमी. जाताना जुने एक्स-रे, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या न्या, नाहीतर तेच सगळं पुन्हा करायला पैसे मोजाल. डिजिटल एक्स-रेची मूळ फाइल मागून घ्या, मोबाइलनं काढलेला फोटो नको.

औषधाची चिठ्ठी ब्रँडऐवजी घटकाच्या नावानं मागावी. फ्युरोसेमाइड, डॉक्सिसायक्लिन ही माणसांचीच औषधं आहेत आणि जनौषधी दुकानात फार स्वस्त मिळतात. पण माणसांचं पातळ औषध स्वतःच्या मनानं द्यायचं नाही. काहींत गोडीसाठी झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विष आहे. आयबुप्रोफेन घरातल्या घरात कधीच नाही. तापाची अर्धी गोळी म्हणून पॅरासिटामॉल देणारे प्रेमळ शेजारीही दूरच ठेवा.

बिल हातात आलं की वाचा. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेवर जीएसटी नाही. औषधं, खाद्य, ग्रूमिंग यांवर असतो. सगळं एकाच ओळीत ‘पॅकेज’ म्हणून घालून वर कर लावला असेल तर फोड करून मागा. कुत्र्याचा विमा हल्ली मिळतो, पण आधीपासूनचे आजार, लशी आणि बहुधा दात त्यात धरत नाहीत; लहान कुत्र्याचा निम्मा खर्च तर तिथेच असतो. पिल्लू निरोगी असतानाच घ्यायचा असेल तर घ्या. चिंगीच्या वयाला मी नाही घेतला, वेगळ्या खात्यात महिन्याला हजार टाकतो.

भांडायची वेळ आलीच तर: डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतो, तक्रार राज्य पशुवैद्यक परिषदेकडे जाते. पैसे देऊन घेतलेल्या सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी तिथे शुल्क नाही. पण तिथे केसपेपर लागतो. तो भांडणानंतर मागायचा नसतो, दर खेपेला फोटो काढून ठेवायचा असतो.

राहिली रात्र. रात्री अकराला धाप लागलेलं कुत्रं घेऊन गेलात की काउंटरवर आधी डिपॉझिट मागतात, पाच ते दहा हजार, आणि त्या वेळी कोणाचीच मती चालत नाही. तेव्हा दिवसाउजेडी ठरवून ठेवा: रात्री उघडं असणारं सर्वांत जवळचं ठिकाण कोणतं, तिथे रात्रीची फी किती, ऑक्सिजन आहे का, आणि रात्रभर माणूस जागा असतो की कुलूप लावून जातो. हे फोनवर विचारता येतं, लोक सांगतातही. आणि गेल्यावर एवढंच म्हणायचं: ‘आज रात्री केल्याशिवाय चालणारच नाही ते आधी करा. सकाळपर्यंत थांबेल ते वेगळ्या कागदावर लिहून द्या.’

चिंगी सध्या ४.३५ किलो आहे. झोपेतले श्वास काल बावीस भरले.