एका श्वासाची व्यवस्था

ता. २१ एप्रिल २०२१ हा दिवस नाशिककरांच्या स्मरणातून सहसा जावयाचा नाही. त्या दिवशी येथील महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातील प्राणवायूच्या टाकीस गळती लागली. आवारात पांढऱ्या धुक्याचे लोट पसरले आणि रुग्णांकडे जाणारा प्राणवायू काही काळ विस्कळीत झाला. तेवढ्या अवधीत कोविडने आजारी असलेले किमान २२ रुग्ण दगावले. बाहेर रस्त्यावर, झाडांखाली, घराघरांत हवा नेहमीसारखीच वाहत होती आणि तीत प्राणवायूचे प्रमाणही नेहमीइतकेच होते. मग ह्या माणसांस ती हवा का पुरली नाही?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर श्वास कसा घेतला जातो, तो कोण चालवितो आणि त्याचे रक्षण कोण करितो, ह्या तिन्ही गोष्टी जाणून घ्यावयास हव्यात. शरीरशास्त्राच्या पुस्तकात श्वसनसंस्था, मज्जासंस्था आणि रोगप्रतिकारसंस्था अशी तीन निरनिराळी प्रकरणे असतात. शिकणाराच्या सोयीसाठी ती तशी पाडलेली असतात. शरीरात मात्र ही प्रकरणे निराळी नाहीत. एका श्वासासाठी तिन्ही संस्था एकाच वेळी राबत असतात, आणि एकीचे काम थांबले की उरलेल्या दोघींचा इलाज चालत नाही. हेच ह्या लेखात दाखविण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम श्वासाकडे वळू. विद्यार्थिमित्रांनी घड्याळ समोर ठेवून स्वस्थ बसावे आणि शेजारच्या मित्राकडून आपले श्वास मोजून घ्यावेत. (स्वतःचे स्वतः मोजू लागल्यास श्वासाची चाल बदलते. ती का बदलते, हे पुढे कळेल.) मोठी माणसे विसाव्यात असता मिनिटास १२ ते २० वेळा श्वास घेतात. दर श्वासाबरोबर सुमारे अर्धा लिटर, म्हणजे अदमासे दोन-तीन फुलपात्री भरतील इतकी हवा आत जाते. ही हवा नाकातून जाताना गाळली जाते, ओलावते आणि ऊबदार होते. निफाडकडच्या शेतांत पौषातील पहाटे दात वाजविणारी थंडी असते, तरी ती हवा फुप्फुसांच्या तळाशी पोहोचेपर्यंत शरीराइतकी उष्ण झालेली असते. तोंडाने श्वास घेण्याची सवय लावून घेऊ नये असे वडील माणसे सांगतात, त्याचे कारण हेच.

घशातून खाली उतरणाऱ्या श्वासनलिकेस दोन फाटे फुटतात. एक उजव्या फुप्फुसात जातो आणि एक डाव्या. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात व डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयास जागा द्यावी लागते. पुढे ह्या फाट्यांस आणखी फाटे फुटत जातात आणि शेवटच्या बारीक नळ्यांच्या टोकांस वायुकोशांचे झुपके लागलेले असतात. आपल्या जिल्ह्यातील मुलांस द्राक्षांचा घड काय असतो हे सांगावयास नको. वायुकोशांची मांडणी पुष्कळशी तशीच असते. मात्र प्रत्येक मणी पोकळ, डोळ्यांस दिसेल न दिसेल इतका लहान, आणि त्याची साल केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. ते सर्व उलगडून पसरता आले असते तर एका मोठ्या वर्गखोलीची जमीन झाकली गेली असती. ह्या पातळ सालीच्या एका अंगास हवा असते आणि दुसऱ्या अंगास रक्ताच्या केशवाहिन्या. प्राणवायू हवेतून रक्तात जातो आणि कर्बवायू रक्तातून हवेत येतो. आत घेतलेल्या हवेत शेकडा २१ भाग प्राणवायू असतो. बाहेर टाकलेल्या हवेत तो शेकडा १६ च्या आसपास उरतो आणि कर्बवायू शेकडा ४ च्या आसपास होतो.

आता एक मौजेची गोष्ट. एवढे काम करणाऱ्या फुप्फुसांस स्वतः फुगण्याची शक्ती नाही. लोहाराच्या भात्यात हवा आपण होऊन शिरत नाही. कोणी दांडा ओढला म्हणजे भाता उघडतो आणि मग हवा आत जाते. फुप्फुसांच्या भात्याचा दांडा म्हणजे छाती व पोट ह्यांच्यामध्ये पसरलेला श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू आणि बरगड्यांमधील स्नायू. श्वासपटल आकुंचन पावून खाली उतरते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत ओढली जाते. हे स्नायू सैल पडले की ती बाहेर पडते. परंतु दांडा ओढणारा कोण? येथे श्वसनसंस्थेचे प्रकरण संपून मज्जासंस्थेचे सुरू होते.

मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जू जेथे सुरू होते तेथे, लंबमज्जा नावाचा अंगठ्याएवढा भाग आहे. श्वासाची आज्ञा तेथून सुटते. ती मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटेने श्वासपटलापर्यंत पोहोचते. म्हणूनच मानेच्या वरच्या भागात मज्जारज्जूस जबर दुखापत झाली तर फुप्फुसे निरोगी असूनही श्वास थांबतो. आपण गाढ झोपलेले असता, परीक्षेच्या चिंतेत असता, किंवा क्रीडांगणावर ऊर फुटेस्तोवर धावत असता, ही आज्ञा अखंड चाललेली असते. मेंदूचा वरचा, विचार करणारा भाग तीत हात घालू शकतो. तसे नसते तर आपल्यास बोलता, गाता वा पोहता आले नसते. स्वतःचे श्वास मोजू लागताच त्यांची चाल बदलते, तीही ह्याचमुळे. उचकी लागली की घरातील आजी म्हणते, कोणीतरी आठवण काढली. शास्त्र एवढेच सांगते की श्वासपटलास व त्याच्या मज्जातंतूंस अवचित झटका बसला. आणि घास चुकून श्वासाच्या वाटेस गेला की जो ठसका लागतो, तो आपण विचार करून देत नाही. मज्जासंस्थाच तो तत्काळ देते आणि जीव वाचविते.

आता श्वास रोखून पाहावा. थोड्याच वेळात जीव कासावीस होतो आणि श्वास घ्यावाच लागतो. पुष्कळांस वाटते की प्राणवायू संपल्यामुळे असे होते. वस्तुतः त्या वेळी रक्तात प्राणवायू बऱ्यापैकी शिल्लक असतो. कासावीस करितो तो रक्तात साचत चाललेला कर्बवायू. लंबमज्जेचा पहारा मुख्यतः त्याच्यावर असतो.

ही गोष्ट केवळ परीक्षेपुरती नव्हे, म्हणून येथे अंमळ थांबतो. गोदावरीच्या डोहात, धरणात किंवा विहिरीत बुडी मारून अधिक वेळ पाण्याखाली राहण्याची पैज मुले लावितात. बुडी मारण्यापूर्वी कोणी जोरजोराने, भरभर, खोल श्वास घेतात. त्यायोगे रक्तात प्राणवायू अधिक साठतो अशी त्यांची समजूत असते. खरे पाहता तो फारसा वाढत नाही. कमी होतो तो कर्बवायू. मग पाण्याखाली गेल्यावर धोक्याची सूचना वेळेवर मिळतच नाही, प्राणवायू मात्र संपत जातो, आणि कसलीही घालमेल न होता पोहणारा एकाएकी बेशुद्ध पडतो. चांगले पट्टीचे पोहणारे ह्याच रीतीने बुडाले आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनी ही युक्ती कधीही करू नये, आणि पालकांनी ती मुलांस समजावून सांगावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आता तिसऱ्या संस्थेकडे येऊ. दिवसाकाठी हजारो लिटर हवा ज्या वाटेने आत जाते, त्या वाटेने धूळ आणि रोगजंतूही जातात. तेथे पहिला पहारा चिकट कफाचा. श्वासनलिकेच्या आतील अंगास अतिसूक्ष्म लव असते. ती सारखी हलत राहून धुळीने भरलेला कफ घशाकडे ढकलते. तंबाखूचा धूर ह्या लवेस दुबळे करितो, आणि विडी-सिगारेट ओढणाराचा सकाळचा खोकला हे त्याचेच चिन्ह होय. त्यातूनही जो जंतू वायुकोशापर्यंत पोहोचतो, त्यास गिळून टाकण्यासाठी तेथे भक्षक पेशी फिरत असतात. त्यांच्यामागे पांढऱ्या पेशींचे सैन्य आहे, आणि मान, काख व जांघ येथील लसीकाग्रंथी ह्या त्या सैन्याच्या छावण्या.

ह्या छावण्यांची ओळख महाराष्ट्रास फार दारुण रीतीने झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पुढे ती साथ महाराष्ट्रातील गावोगावी पसरली. जांघेत व काखेत गाठ येई, म्हणून लोक त्यास गाठीचा रोग म्हणत. ती गाठ म्हणजे जंतूंशी झुंजता झुंजता सुजलेली लसीकाग्रंथीच. ओडेसा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ह्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने ते मारले आणि त्यांची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांस ती टोचण्यात आली. लसीने पूर्ण अभय मिळाले असे नव्हे, परंतु रोगाचा व मृत्यूचा धोका पुष्कळ कमी झाला. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव मिळाले. लसीचे मर्म एवढेच की, मेलेला किंवा दुबळा केलेला शत्रू दाखवून शरीराच्या सैन्यास त्याची ओळख पटवून द्यावयाची. मग खरा शत्रू आला म्हणजे सैन्य गोंधळत नाही.

तिन्ही संस्था एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, हे पोलिओवरून उत्तम समजते. पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो. कित्येकदा शरीराचे रक्षक त्यास तेथेच आवरतात. परंतु क्वचित तो मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि स्नायूंस आज्ञा देणाऱ्या पेशी नष्ट करितो. पाय गेला तर मूल लंगडते. श्वासाच्या स्नायूंची आज्ञा गेली तर निरोगी फुप्फुसांसह ते गुदमरते. १९२८ साली बोस्टन येथे अशा रोग्यांसाठी लोखंडी पेटी उपयोगात आली. रोग्याचे धड पेटीत आणि डोके बाहेर ठेवून पेटीतील हवेचा दाब कमी-जास्त करीत. यंत्र भात्याचा दांडा ओढी आणि रोग्याची छाती वरखाली होई. पुढे लस निघाली. आपल्या देशात १९९५ पासून पल्स पोलिओची मोहीम चालली. आमच्या विद्यार्थ्यांच्या करंगळीस शाईची खूण कशी लावीत, हे त्यांच्या मातांस आठवत असेल. जानेवारी २०११ नंतर भारतात जंगली पोलिओ विषाणूचा एकही रोगी आढळला नाही, आणि मार्च २०१४ मध्ये आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. त्या दोन थेंबांनी मुलांच्या पायांबरोबर त्यांचे श्वासही राखले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत जाऊ. कोविडचा विषाणू फुप्फुसांत उतरला म्हणजे वायुकोशांस सूज येते. कित्येक रोग्यांत रक्षकांचे सैन्य इतके खवळते की शत्रूबरोबर स्वतःच्या घरासही आग लागते. वायुकोशांत द्रव भरतो आणि ती पातळ साल जाड होते. मग शेकडा २१ भाग प्राणवायूची हवा छातीत गेली तरी तिच्यातून पुरेसा प्राणवायू रक्तात उतरत नाही. अशा रोग्यास कितीतरी अधिक प्राणवायूची हवा द्यावी लागते, प्रसंगी यंत्राने श्वास द्यावा लागतो. रुग्णालयात हा प्राणवायू द्रवरूपाने, शून्याखाली सुमारे १८३ अंश इतक्या थंडीत साठविलेला असतो. त्या दिवशी जे पांढरे धुके दिसले, ते प्राणवायूचे नव्हते. प्राणवायू डोळ्यांस दिसत नाही. त्याच्या थंडीने गोठलेली ती हवेतील वाफ होती.

निरोगी माणसाच्या अंगातही प्राणवायूचा साठा दीड लिटरच्या आसपासच असतो, आणि विसाव्यातही मिनिटास पाव लिटर खर्च होतो. म्हणजे शिल्लक केवळ काही मिनिटांची. त्यातही मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा दोन इतके असले, तरी विसाव्यात खर्च होणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा भाग एकट्या मेंदूस लागतो. प्राणवायू अगदीच न मिळाला तर चार-पाच मिनिटांत त्यास कायमची इजा होऊ लागते, आणि लंबमज्जा निकामी झाली की भात्याचा दांडा ओढणारे कोणी उरत नाही. त्या रुग्णांजवळ ही शिल्लकही नव्हती. हवा चोहोंकडे असूनही ती त्यांच्या कामाची नव्हती.

पालकांस व विद्यार्थ्यांस आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, श्वासाचे रक्षण हे बरेचसे आपल्या हाती आहे. घरात विडी-सिगारेटचा धूर नसावा. चुलीचा वा बंबाचा धूर कोंडू देऊ नये. मुलांच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात. शिंकताना व खोकताना तोंडावर रुमाल धरावा. आणि पाण्याशी पैज लावू नये.

हा लेख वाचीत असता वाचकांनी शंभराहून अधिक श्वास घेतले असतील, आणि त्यांपैकी एकाचेही त्यांस भान नसेल. ते नसले तरी चालते, कारण लंबमज्जा त्या कामी सदैव जागी असते. परंतु आज रात्री निजण्यापूर्वी क्षणभर छातीवर हात ठेवून एक श्वास तरी जाणून घ्यावा, आणि आपल्याच गावी त्या एप्रिलात ज्यांस तो मिळाला नाही, त्यांची आठवण करावी.