न तुटणारा दोरा

पौषातील गार वारा सुटला, की नागपूरच्या आकाशात पतंग दिसू लागतात. महाल, इतवारी, सीताबर्डी, कोठेही जा. गच्चीगच्चीवर चक्री धरलेली मुले उभी असतात आणि पेचात एखादा पतंग कटला, की 'ओ काट!' अशी आरोळी उठते.

पेचाची सारी गंमत दोरा तुटण्यात आहे. पूर्वी सुती दोऱ्याला खळ व काचेची पूड लावून मांजा करीत. त्यानेही बोटे कापत. तो काही निरुपद्रवी नव्हता. परंतु सूत ते सूत! जोराचा ताण बसला, की ते तुटे. पुढे बाजारात नायलॉनचा मांजा आला. नायलॉन हा रसायनांपासून कारखान्यात बनविलेला धागा. मासे धरण्याच्या गळाला तो बांधतात, यावरून त्याचा चिवटपणा ध्यानी येईल. आता अशी कल्पना करा, की कटलेल्या पतंगाचा मांजा रस्त्यावर आडवा लोंबत आहे आणि एक मुलगा सायकलवरून वेगाने येत आहे. एवढा बारीक दोरा त्याला दिसत नाही. मानेस अडताच सुती दोरा बहुधा तुटेल. नायलॉन तुटत नाही. मग गळा चिरला जातो. नागपुरात अशा जखमांनी माणसे दगावली आहेत आणि त्यांत लहान मुलेही होती.

म्हणून 2017 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या मांजावर देशभर बंदी घातली. तरीही तो चोरून विकला जातो. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. संक्रांतीच्या दिवशी शहरातील उड्डाणपूल दुचाकींसाठी बंद ठेवण्याची पाळीही आली आहे.

पतंग सद्दीवर, म्हणजे बिनकाचेच्या सुती दोऱ्यावरही उत्तम उडतो. कठडा नसलेल्या गच्चीवर मात्र चढू नये. उडविणाऱ्याची नजर वर असते आणि पाय मागे सरकत असतात. कटलेल्या पतंगामागे धावणाऱ्याचेही तसेच. विजेच्या तारेत अडकलेला पतंग तर तेथेच राहू द्यावा. मांजाने कापलेच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि तत्काळ मोठ्या माणसांना हाक मारावी.

संक्रांत सरते, मांजा झाडांवर राहतो. सुती दोरा पावसापाण्यात कुजून जातो. नायलॉन कुजत नाही; उन्हाळ्यातही त्यात एखादे पाखरू पंख अडकून लोंबताना दिसते.