इंफाळची रणभूमी

मी अब्बांबरोबर मणिपूरला गेलो होतो. इंफाळ शहरात आम्ही दिवसभरासाठी जीप आणि वाटाड्या ठरवला. १९४४ साली मार्चपासून जुलैपर्यंत इथे ब्रिटिश आणि जपानी सैन्यांत मोठी लढाई झाली.

वाटाड्याने आधी आम्हांला भारतीय सैनिकांच्या दफनभूमीत नेले. हिरवळीवर कबरींच्या रांगाच रांगा! एका कबरीपाशी अब्बा थांबले. नाव होते, जमादार अब्दुल हफीज. वाटाड्या सांगू लागला, "६ एप्रिलला हे टेकडीवर चढले. पायाला गोळी लागली, तरी शत्रूच्या मशीनगनची नळी त्यांनी हातांनी धरली. छातीत गोळी लागून तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला." अब्बांनी फातिहा पढली.

दुपारी ४५ किलोमीटरवरच्या मोइरांगला गेलो. तिथे १४ एप्रिलला कर्नल शौकत अली मलिक यांनी आझाद हिंद फौजेचा तिरंगा फडकवला होता. ही फौज जपान्यांच्या बाजूने लढत होती. म्हणजे अवघ्या आठ दिवसांनी!

"अब्बा, दोघेही आपलेच. मग समोरासमोर कसे?"

"आझाद हिंद फौजेतले पुष्कळ जवान आधी ब्रिटिशांच्याच सैन्यात होते. १९४२ मध्ये सिंगापूर पडले, तेव्हा ते कैद झाले. इंग्रजांना घालवायचे म्हणून मग ते या फौजेत आले."

"आणि हफीज कैद झाले असते तर?"

अब्बा बराच वेळ गप्प होते.